पखवाजाला कणीक होती की नव्हती

आमच्यात भांडण व्हायला फार काही लागत नाही. कुणी "या हेडफोनचा आवाज गरम आहे" म्हणालं की पुरे. मग दुसरा विचारतो, गरम म्हणजे काय. तिसरा म्हणतो, मला तर थंड वाटला. तोवर चहा निवतो. आवाज कोरडा असतो, तुपकट असतो, त्याला रंग असतो, हे मी या लोकांत आल्यावरच ऐकलं. आधी हसायचो. मग एका रविवारी मीही गंभीर तोंडाने "जरा तुपकट आहे" असं म्हणालो, आणि बायकोने स्वयंपाकघरातून डोकावून विचारलं, "काय सांडलंत?"

आम्ही आठ-नऊ जण आहोत. डोंबिवली, कल्याण, ठाणे, एक जण बदलापूरचा. महिन्यातल्या एका रविवारी सकाळी माझ्या डोंबिवलीच्या घरी जमतो, आपापले महागडे हेडफोन घेऊन. ती जड खोकी, आतलं मखमली अस्तर, हात पुसल्याशिवाय उचलायचं नाही ही शिस्त, हे सगळं बघून बायको म्हणते, मुलगी बघायला आलेले लोकसुद्धा इतके अवघडून बसत नाहीत. तिचं चुकत नाही.

माझी नोकरी ठाण्याला वागळे इस्टेटमध्ये झाली, मोजायची यंत्रं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत. कारखान्यांतून दाबमापकं यायची, तापमापकं यायची, आणि ती खरं बोलतात की खोटं हे आम्ही सांगायचो. त्यामुळे "मला असं वाटलं" या शब्दांचा मला जुना तिटकारा. आमच्या मंडळीत नियम घातला तो मीच. ऐकताना कुणी तोंड उघडायचं नाही. ऐकून झालं की जे ऐकलं ते चिठ्ठीवर लिहायचं, खाली नाव, घडी घालायची आणि बिस्किटांच्या पत्र्याच्या डब्यात टाकायची. सगळ्यांचं झालं की मी चिठ्ठ्या उघडून मोठ्याने वाचणार. कारण पहिल्याने "वा!" म्हटलं की पुढच्या चौघांना आपोआप वा वाटतं, हे मी डोळ्यांनी पाहिलं होतं. चिठ्ठ्या फेकायच्या नाहीत, हाही माझाच नियम. आता माळ्यावर असे तीन डबे आहेत.

या मंडळीत माझा खरा मित्र एकच होता. बाकीचे हेडफोनमुळे ओळखीचे झाले. हा त्याच्या आधीपासूनचा, वीस वर्षांचा. दोन गल्ल्या पलीकडे राहायचा. एका कंपनीत नकाशे काढायचं काम करून निवृत्त झालेला, बायको पूर्वीच गेलेली, मुलगा बंगळूरला. कमी बोलायचा. चौथीपासून चष्मा, जाड तपकिरी फ्रेमचा, भिंगं बाटलीच्या बुडासारखी. मी त्याला चष्म्याशिवाय कधी पाहिलेलं नव्हतं. आणि दर गुरुवारी तो आमच्या भागातल्या एका मठात भजनाला पखवाज वाजवायचा.

पखवाजाबद्दल एक गोष्ट सांगायला हवी, नाहीतर पुढचं भांडण कळणार नाही. पखवाजाला दोन तोंडं. उजव्या तोंडाला शाई, म्हणजे तो काळा गोल लेप, कायमची असते. डाव्याला मात्र वाजवण्याआधी दर वेळी ओली कणीक थापतात आणि झाल्यावर खरवडून काढतात. कणकेमुळे डावं तोंड खोल, घुमारदार बोलतं. कणीक नसली तर आवाज पोकळ, रिकाम्या डब्यावर थाप मारल्यासारखा. माझ्या मित्राला कणीक हाताला लागली की कळायचं, पाणी किती पडलंय ते. भजनाच्या दिवशी तो माझ्याकडे डोकावायचा आणि माझ्या बायकोला म्हणायचा, "वहिनी, लिंबाएवढी द्या." ती पोळ्यांच्या कणकेतून काढून द्यायची. आमच्या घरी गुरुवारी एक पोळी कमी व्हायची, हे ठरलेलंच.

भांडण झालं ते दादांनी आणलेल्या हेडफोनवरून. दादा म्हणजे ठाण्याच्या खाडीकाठच्या जुन्या गावातले. आजोबा मिठागरावर राबलेले, वडिलांनी भात लावलेला, आणि आता त्याच जमिनीवर उंच इमारती. दादांना आमची भाषा येत नाही, म्हणजे तुपकट, कोरडा वगैरे. पण आमच्यापैकी कुणी एखाद्या हेडफोनचं नुसतं नाव काढलं की पुढच्या महिन्यात तो दादांच्या हातात असतो, आणि ते तो आनंदाने सगळ्यांना देतात. त्या रविवारी त्यांनी आणलेला हेडफोन आम्ही सगळ्यांनी आजवर फक्त चित्रात बघितलेला होता. कानांभोवती बसणाऱ्या जाड मऊ चामड्याच्या गाद्या, लाकडी वाट्या. वजन असं की मान ताठ ठेवावी लागे.

परीक्षेला मी नेहमीचंच ध्वनिमुद्रण लावलं. एकट्या पखवाजाचं, साथीला फक्त लेहरा, म्हणजे पेटीवर फिरत राहणारी एकच सुरावट. सगळ्यांनी पाळीपाळीने ऐकलं, चिठ्ठ्या पडल्या. मी खिशातून वाचायचा चष्मा काढला आणि वाचायला लागलो. "तळ भरपूर." तळ म्हणजे आमच्या भाषेत खालचा, जाड आवाज. "डावा छातीत लागतो." "असा घुमारा आजवर ऐकला नाही." माझीही चिठ्ठी त्यातच होती: "डाव्यावरची कणीकसुद्धा दिसते." मग मित्राची निघाली. बारीक, सुबक अक्षर, नकाशावर असतं तसं. "डाव्याला कणीक लावलेली नाही. पोकळ. या हेडफोनला तळ नाही."

ती चिठ्ठी मी जरा सूर लावून वाचली. खरं सांगतो, मुद्दाम. लोक हसले.

"हसताय काय," तो म्हणाला. "जे ऐकलं ते लिहिलं. नियम तुझाच आहे."

"अरे, सात जणांना तळ सापडला, तुलाच नाही?"

"नसेल सापडला. मला पोकळ ऐकू येतोय."

मी हेडफोन पुन्हा कानावर घातला, पुन्हा तेच लावलं. कणीक होती. नुसती होती नव्हे, किती थापलीय ते बोटांनी दाखवता आलं असतं. मी तसं बोटांनी दाखवलंही. तेव्हा तो पहिल्यांदा चिडला.

"तू मला पखवाज शिकवणार?"

"पखवाज नाही शिकवत. पण तुझे कान गेलेत, एवढं मान्य कर."

मी हे सगळ्यांसमोर बोललो. माझा राग नाकाच्या शेंड्यावर असतो हे घरात सगळ्यांना माहीत आहे, पण त्या दिवशी मला राग आलाच नव्हता. मला मजा येत होती. एखादं यंत्र खोटं बोलताना सापडलं की प्रयोगशाळेत जशी मजा यायची, तशी. त्याने हेडफोन दोन्ही हातांनी खोक्यात ठेवला, चष्मा नाकावर सारला, "येतो वहिनी" म्हणाला आणि गेला. त्यावर कळस म्हणजे दुपारी मी ग्रुपवर कानांच्या तपासणीची एक लिंक टाकली, त्याला उद्देशून. तिघांनी हसणारे चेहरे टाकले. संध्याकाळपर्यंत तो ग्रुपमधून बाहेर पडलेला होता.

मी वाट पाहिली. एक रविवार, दुसरा रविवार. येईल, कुठे जातोय, असं म्हणत राहिलो. गुरुवारी दाराची बेल वाजली नाही. बायकोने दोनदा विचारलं, "त्यांना फोन केलात का?" मी म्हटलं, "त्याने का नाही केला?" तिसऱ्यांदा तिने विचारलंच नाही, नुसती कणीक मळत राहिली, आणि ते मला जास्त लागलं. सव्वा वर्ष आम्ही एक शब्द बोललो नाही. या सव्वा वर्षात तो घर विकून टिटवाळ्याच्या एका नव्या इमारतीत राहायला गेला. मला ते दादांकडून कळलं. दोन गल्ल्यांपलीकडचा माणूस गाव बदलतो आणि मला तिसऱ्याच्या तोंडून कळतं, याचं मला वाईट वाटलं आणि मी ते कुणाला सांगितलं नाही.

मग माझ्या डोळ्यांचा नंबर आला. आतापर्यंत वाचण्यापुरता चष्मा होता, तो खिशात. या वेळी डॉक्टर म्हणाले, लांबचाही नंबर आहे. एकाच काचेत वर लांबचं, खाली जवळचं असा चष्मा दिला आणि बजावलं, "सवय होईपर्यंत काढायचा नाही. झोपताना काय तो उतरवा." मी नियमाचा माणूस. काढला नाही. पायऱ्या उतरताना पावलं चुकायची, पण काढला नाही.

त्याच आठवड्यात दादांनी तो लाकडी वाट्यांचा हेडफोन मला घरी वापरायला दिला होता. सकाळी चहा घेऊन बसलो, पखवाज लावला. आणि डावा गायब.

पूर्ण गायब नाही. पण घुमारा नाही, छातीत लागणं नाही. रिकाम्या डब्यावर थाप. मी वायर बदलली. आवाज वाढवणारं मागचं यंत्र बदललं. गाद्या काढून पुन्हा बसवल्या. ध्वनिमुद्रणाची दुसरी प्रत शोधली. सर्दी झाली असेल म्हणून वाफ घेतली. शेवटी कान साफ करून घ्यायला डॉक्टरकडे गेलो, त्यांनी नळीने बघितलं आणि म्हणाले, "स्वच्छ आहेत की." मी म्हटलं, "अजून एकदा बघा." बायको म्हणाली, "दोन कानांमागे इतके लागला नव्हतात कधी, लग्न ठरवतानाही नाही." मी तिच्यावर खेकसलो. मग आतल्या खोलीत जाऊन बसलो, आणि तेव्हा मात्र घाबरलो. कान गेले, असं मला वाटलं. माझे. आणि लगेच त्याची ती चिठ्ठी आठवली: पोकळ. तेच मी आता ऐकत होतो. त्याला हे असंच ऐकू आलं असेल आणि मी सूर लावून वाचलं होतं.

हेडफोन परत द्यायला दादांच्या बंगल्यावर गेलो. त्यांना सांगितलं, हा बिघडलाय, नाहीतर मी बिघडलोय. दादांनी घालून ऐकला. "लय भारी वाजतंय," म्हणाले. मग माझ्या कानावर चढवला आणि ते समोर बसून माझ्याकडे बघत राहिले. मी वायर हलवत होतो, आवाज वरखाली करत होतो. दादा उठले, जवळ आले, माझ्या कानामागे वाकून बघायला लागले.

"सायेब, तुमी मगापासना वायर बघताव, मशीन बघताव. इथं फट परलीय."

"कुठे?"

"चष्म्याचे काडीखाली. गादी उचलून धरलीय तिनं. आमचे मिठागराचे बांधाला चिंबोरी, म्हंजे खेकरा, बील पारायची. एवरासा बील, पन आखा पानी जायाचा. नवीन मानूस बघत बसायचा आभालाकरं, का पानी उनानं आटला का काय. आजा बोलायचा, वर नको बघू, पायाचे अंगठ्यानं बांध चाचपत जा."

एवढं बोलून त्यांनी माझा चष्मा अलगद ओढून काढला. गादी गालाला टेकली आणि डावा आला. असा आला की मी दचकलो. दादांनी चष्मा परत घातला, गेला. काढला, आला. दादांना फार गंमत वाटली, त्यांनी ते पाच-सहा वेळा केलं. मी मात्र हसलो नाही.

मला माझी प्रयोगशाळा आठवत होती. दाबमापक तपासायला आलं की आकड्याकडे बघायचंच नाही, आधी सांध्यांना साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडा आला तर सांधा गळतोय, आकड्याला अर्थ नाही. नव्याने लागलेल्या प्रत्येकाला मी हे पहिल्या दिवशी शिकवायचो. आणि वीस वर्षं ज्याच्या नाकावर, कानांवर चष्मा बघत आलो, त्या माणसाच्या कानाशी फट आहे का हे मी एकदाही तपासलं नाही. आमच्यात कायमचा जाड चष्मा त्याचा एकट्याचाच, तरी थेट आकडा वाचला, तोही चारचौघांत.

घरी आलो तो स्टूल घेऊन माळ्याखाली. तिन्ही डबे खाली काढले आणि त्याच्या चिठ्ठ्या वेगळ्या केल्या. बायकोला वाटलं, मला काहीतरी झालंय. ती समोर बसली, मी वाचत गेलो, ती ढीग लावत गेली. कानात बोंडासारखे घालायचे इयरफोन असतात, त्यांना चष्म्याची काडी आड येत नाही. त्यांच्या प्रत्येक चिठ्ठीवर त्याने लिहिलं होतं, "तळ छान", "डावा भरीव", "कणीक बरोबर". आणि कानांभोवती गादी बसणारा जो जो हेडफोन, त्याच्यावर "पोकळ", "तळ कमी", "डावा कुठे आहे?" इतकी वर्षं, एकही चिठ्ठी इकडची तिकडे नाही. आमच्यापैकी इतकं सातत्याने खरं कुणीच लिहिलेलं नव्हतं. माझ्या स्वतःच्या चिठ्ठ्या बघितल्या तर जे महाग ते मला जास्त आवडलेलं होतं, हेही त्या दिवशी कळलं.

"आता जा," बायको म्हणाली.

दुसऱ्या दिवशी सकाळी दादांकडून तो हेडफोन पुन्हा मागून घेतला आणि टिटवाळ्याला गेलो. इमारत इतकी नवी की जिन्याच्या कठड्याला अजून प्लास्टिक गुंडाळलेलं. बेल वाजवली. दार उघडलं त्याने, आणि क्षणभर मला वाटलं, चुकीचं घर. त्याच्या तोंडावर चष्मा नव्हता. नाकावर दोन जुने वळ, डोळे लहान, ओळखीचे आणि तरी परके.

"ये," तो म्हणाला. "मीच येणार होतो."

डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढून तीन आठवडे झाले होते. उजव्याचा महिन्याभराने काढायचा होता. जुना चष्मा आता चालत नव्हता, लावला की गरगरायचं, म्हणून तो बिनचष्म्याचा. ऑपरेशनला सोबत शेजारचे एक गृहस्थ गेले होते. हे ऐकून मी मान खाली घातली. मी बोलायला तोंड उघडलं, पण त्याने हात वर केला.

"आधी मला बोलू दे. तू बरोबर होतास. ऑपरेशननंतर वाचायचं नाही, टीव्ही नाही, करायचं काय? माझा जुना गादीवाला हेडफोन काढला आणि आपला तोच पखवाज लावला. कणीक आहे रे. चांगली जाड आहे. त्या दिवशी मी नीट ऐकलंच नसणार. उगाच हट्ट केला. मला एक कळत नाही, डोळ्याच्या ऑपरेशनने कान कसे सुधारतात?"

सांगायला लाज वाटते, पण सांगतो: एक क्षण मला मोह झाला. तो माफी मागत होता. मी नुसतं "जाऊ दे रे, होतं असं" म्हटलं असतं तर सगळं मिटलं असतं, आणि मी बरोबर ठरलो असतो. डॉक्टरांनी दिलेला चष्मा नाकावर सरळ करत मी तो क्षण घालवला.

"तुझा जुना चष्मा कुठाय?" मी विचारलं.

त्याने ड्रॉवरमधून काढून दिला. मी दादांचा हेडफोन त्याच्या कानावर चढवला, पखवाज लावला. तो डोळे मिटून ऐकत होता, हलकेच मान डोलत होती. मग मी तो जाड तपकिरी चष्मा त्याच्या गाद्यांखालून कानांवर सरकवला.

मान थांबली.

चष्मा काढला. मान पुन्हा डोलायला लागली. दोन वेळा केलं, तिसऱ्यांदा त्याने स्वतः केलं. त्याने हेडफोन काढला, गादी आणि काडी जवळ धरून बघितली, नकाशातला सांधा बघावा तशी. मग तो हसायला लागला. मीही हसलो, सव्वा वर्षाचं हसलो. इमारतीवरून कावळे उडाले असतील.

हसता हसता त्याने चष्म्याच्या काड्या मिटल्या.

"म्हणजे पखवाज उगाच दिला मी," तो म्हणाला.

तेव्हा मला बाकीचं कळलं. त्या रविवारनंतरच्या गुरुवारी तो मठात बसला तो मनात संशय घेऊनच. समोर पखवाज उत्तम बोलत होता, मांडीवरच्या पखवाजाला कुठली आलीय काडी आणि फट. पण सात जणांना जे ऐकू येतं ते आपल्याला येत नाही, असं डोक्यात बसलेलं. म्हणून त्याने कणीक थोडी वाढवली. पुढच्या गुरुवारी आणखी थोडी. पेटीवाला म्हणाला, आज डावा जड वाजतोय. त्यावर त्याला वाटलं, बघा, खरंच कान गेले. जितका घाबरला तितकी कणीक वाढली, आणि जितकी वाढली तितकं लोक बोलले. शेवटी त्याने आंबिवलीच्या एका भजनी मंडळाला पखवाज देऊन टाकला. चाळीस वर्षांचं वाद्य.

"मला ऐकू येत होतं रे," तो म्हणाला. "पण मला ते खरं वाटेना."

"परत मागू या," म्हणालो. तो म्हणाला, "दिलेलं वाद्य परत मागतात का? आता एक मुलगी वाजवते तो. चांगलं वाजवते म्हणे." आणि उठून त्याने चहा टाकला. साखर किती हे विचारलं नाही, त्याला आठवत होतं.

दुसऱ्या डोळ्याच्या ऑपरेशनला मी सोबत गेलो. अर्जावर सोबतच्या माणसाचं नाव लिहायची जागा असते, तिथे त्याने माझं नाव लिहिलं आणि नात्याच्या रकान्यात थोडा वेळ पेन धरून ठेवलं. काय लिहिलं ते मी बघितलं नाही.

सव्वा महिना गेला आणि एका गुरुवारी संध्याकाळी मी त्याला आंबिवलीला घेऊन गेलो. मंडळाला आधी कळवलं होतं, एवढंच की पखवाजाचे जुने मालक ऐकायला येताहेत. रविवारची आमची मंडळीही मी बोलावली होती, सगळी. दादा गाडी घेऊन आले. निघताना बायकोने स्टीलच्या छोट्या डबीत कणीक दिली, ओलं फडकं गुंडाळून. "लिंबाएवढीच आहे," म्हणाली.

पखवाज वाजवणारी मुलगी कॉलेजातली असावी. तिने त्याला वाकून नमस्कार केला आणि पखवाज पुढे सरकवला. तो नको नको म्हणाला, मग त्याने डबी उघडली. कणीक बोटांत दाबून बघितली, थेंबभर पाणी लावलं, डाव्या तोंडावर थापली, कडा अंगठ्याने फिरवून घेतल्या. थाप मारली. थोडी काढली. पुन्हा थाप मारली. आता पुरेशी झाली, हे त्याच्या खांद्यांवरूनच कळलं.

पाच-सात मिनिटंच वाजवलं त्याने. हात जड झाले होते, एकदा लय सांभाळताना त्याचं कपाळ आठ्यांनी भरलं, आणि शेवटी शेवटी डावा तळवा लाल झाला. पण डावा घुमला. त्या पत्र्याच्या छपराखाली, पंख्याच्या घरघरीत, आम्ही कुणीही कुठल्याही लाकडी वाट्यांतून कधी ऐकला नव्हता तसा. मी नकळत चष्मा काढून हातात घेतला होता. त्याने ते पाहिलं आणि वाजवता वाजवताच म्हणाला, "घाल की तो. इथे कसली फट?"

वाजवून झाल्यावर त्याने पखवाज मुलीकडे सरकवला. फडक्याला हात पुसत माझ्याकडे वळून आमचा नेहमीचा प्रश्न विचारला: "काय ऐकलंस?"

नियमाप्रमाणे आधी लिहायला हवं होतं. माझ्या खिशात चिठ्ठी होती. घरून निघतानाच लिहून आणलेली, म्हणजे नियम मी मोडलाच होता. घडी घालून त्याच्या हातात दिली. त्याने उघडली, लांब धरली, आणखी लांब धरली, मग डोळ्यांजवळ आणली. दोन्ही डोळ्यांना नवी भिंगं बसली होती, लांबचं आता लख्ख दिसायचं, पण वाचायचा चष्मा अजून व्हायचा होता.

"जवळचं दिसत नाही रे," तो म्हणाला आणि चिठ्ठी मला परत दिली. "वाच तूच. चिठ्ठ्या तूच वाचतोस ना."

मंडळाची माणसं बघत होती. दादा बघत होते. त्या रविवारचे सगळे तिथेच होते, हसलेले. मी कागद सरळ केला. एकच ओळ होती, ती घाईघाईत, हळू आवाजात वाचली.

"तुझे कान शाबूत आहेत, चूक माझी होती."

त्याने कानामागे हात धरला.

"ऐकू नाही आलं," तो म्हणाला. "जरा मोठ्याने."